उंबरठ्यावरची ठकू

फार फार वर्षं झाली. खारवेळ गावात तेव्हा कौलं नव्हती, सगळी घरं झावळ्यांनी शाकारलेली. समोर समुद्र, पाठीशी खाडी. खाडीपलीकडच्या वाडीत आवडी सुईण राहायची, आणि पंचक्रोशीत सुईण काय ती तेवढीच.

या गावात ठकू नावाची बाई सुंभ वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची, बडवायची आणि काथ्या मांडीवर घासत बसायची. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. ठकूच्या तोंडाला लागण्यापेक्षा खेकड्याच्या बिळात हात घातलेला बरा, असं म्हणतात.

पण बाई उगाच तिखट झाली नव्हती. तिचा नवरा गंगाजी वादळात गेला. वारा थांबला, लख्ख ऊन पडलं, म्हणून तो हसत हसत होडी ओढायला गेला, आणि वारा उलटा फिरून आला. लोक म्हणाले, घटका भरली त्याची. ठकू म्हणाली, "घटका कसली डोंबलाची! वादळाला दोन तोंडं असतात. एक गेलं की दुसरं यायचंच. मधे नुसतं दम खातंय ते."

तेव्हापासून आश्विन लागला की ठकू घरोघर सुंभाचं एकेक वेटोळं टाकत हिंडायची. "छप्पर बांधून घे! रांजण भरून ठेव, विहिरीत खारं शिरलं तर काय समुद्र पिणार? पोहे-गूळ वर टांग. आणि गुरांची दावी सोड गो, बांधलेलं मुकं जनावर फुकट जातं!"

मोठ्या होडीचा बाबी तांडेल तिची चेष्टा करायचा. "ठकूवयनी, गाव उडून जाईल म्हणून बांधतेस, की पळून जाईल म्हणून?"

"पहिला तूच पळशील मेल्या, म्हणून तुझी गाठ घट्ट मारत्ये!"

गाव हसायचं. हसत हसत गाठी मारायचं.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर आभाळ तांब्याच्या हंड्यासारखं झालं. वारा नाही, तरी लाटा जड. खाडीतल्या कुर्ल्या बिळं सोडून घरांच्या ओट्यांवर चढून आल्या. ठकूने हाकाटी केली आणि सगळ्यांना वर कातळावरच्या देवीच्या देवळात नेलं. गावात दगडी भिंती तेवढ्याच. तिची एकुलती एक लेक केसर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. गावाची छपरं, रांजण, गुरं सगळं ठकूने पाहिलं. सुईणीला आधी आणून ठेवायचं मात्र राहून गेलं! वर देवळात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, आणि तिने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मग वादळ आलं. माड काडीसारखे मोडले. केसरला कळा सुरू झाल्या. देवळात बाळंतपण म्हणून एक म्हातारा कुरकुरला, तर बायकांनी त्याला गप्प केलं. देवी काय बाई नव्हे?

आणि भर दुपारी वारा थांबला. पानसुद्धा हलेना. लख्ख ऊन पडलं.

बाबी तांडेल उठला. "वयनी, लेक तळमळत्ये. असाच उतरतो, खाडी पार करतो आणि आवडीला उचलून आणतो!" त्याच्यामागे होड्या बघायला दहा-बारा गडी उठले.

"आये, पाठव गो त्याला," केसर कळवळली.

ठकूचा जीव गलबलला. जा म्हणायला तिचं तोंड उघडलंसुद्धा. पण ऊन बाबीच्या चेहऱ्यावर पडलं होतं, आणि तो हसत होता. गंगाजी असाच हसत गेला होता.

ती दाराशी गेली आणि उंबरठ्यावर फतकल मारून बसली.

देवळात गलका झाला. उंबरठ्यावर कोण बसतं? अवदसा आठवली का हिला? पण बसलेल्या माणसाला ओलांडून जायचं नाही ही आपली रीत, त्यातून बाईमाणूस, त्यातून देवीचा उंबरठा! बाबीने पाय उचलला आणि मागे घेतला.

"वयनी, लेक तुझीच ना?"

"माझीच रे. म्हणून तर बसल्ये," ठकू म्हणाली आणि मोठ्याने रडली. रडली, पण उठली नाही.

थोड्या वेळाने दुसरं तोंड आलं, पहिल्याहून वाईट. असं म्हणतात, वारा देवळाच्या दारापर्यंत आला, ठकूला बसलेली पाहिलं आणि त्यानेही तिला ओलांडलं नाही. आत समईची ज्योत हलली नाही.

वारा खरंच दमला तेव्हा ठकू आपणहून उठली. "हं, आता चला. पण एकट्याने कुणी पाऊल टाकायचं नाही." वर येताना लोकांनी घराघरातली उरलेली वेटोळी आणली होती, ती एकाला एक जोडली, टोक देवळाच्या खांबाला बांधलं. दोर धरून, काठीने पाणी चाचपत माणसं खाडीशी उतरली. खाडी दुप्पट फुगलेली. बाबी कमरेला दोर बांधून पोहत निघाला. असं म्हणतात, दोर संपेचना. गावात होतं त्याच्या तिप्पट सुंभ त्या दिवशी खाडीत गेलं.

आवडी सुईण त्या दोराला धरून, डोंगीत बसून आली, सगळ्यांना शिव्या देत. आली आणि बाह्या सारून कामालाच लागली. दिवे लागायच्या आत केसर मोकळी झाली, मुलगी झाली. बाबीने त्याच ओल्या सुंभाने खांबाला झोळी बांधली, आणि ठकू म्हणाली, "गाठ बघू. हां, घट्ट आहे. शिकलास मेल्या!"

आता खारवेळीत स्लॅबची घरं आहेत, वादळाची बातमी मोबाइलवर येते. तरी आश्विनात घरोघर नवं सुंभ येतं. इशारा मिळाला की दिवस भरलेल्या बायकांना आधी दवाखान्याच्या गावी पोचवतात. "आधी सुईण, मग छप्पर," असं लहान पोरही सांगेल. बारशाच्या पाळण्याला ठकूचं म्हणून सुंभ बांधतात.

एरवी उंबरठ्यावर पोर बसलं तर पाठीत धपाटा मिळतो. वादळात मात्र देवळाच्या उंबरठ्यावर कुणीतरी बसायचंच, आणि ज्याचा जीव बाहेर सगळ्यात जास्त ओढतो, मान त्याचा. मागच्या खेपेला नवीकोरी होडी घेतलेला एक तरणा नाखवा बसला होता. मधल्या उन्हात होडी त्याला दारातून दिसत होती, दावं तुटत आलेलं. रडला, पण उठला नाही. होडी गेली त्याची. संध्याकाळी दोर धरून सगळ्यांत पुढे तोच उतरला, आणि उतरायच्या आधी त्याने उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला.