साळिंदरांच्या बिया

डोंगरांना अजून नावं मिळायची होती, तेव्हाची ही गोष्ट. वणव्यानं एक अख्खा डोंगर बोडका केला. खारींची म्होरकी झुबकी आणि साळिंदरांचे कारभारी साळोजी यांनी बसून ठरवलं, की आपापल्या उतारावर दरवर्षी बेहड्याच्या बिया पुरायच्या. आपल्याला नाही, तर नातवंडांना तरी रान मिळेल.

तीन वर्षं झाली, पण एक कोंब दिसेना.

"तुमच्या खारी पुरलेल्या बिया थंडीत उकरून खातात!" साळोजींनी काटे फुलवले.

झुबकी फणकारून उत्तर देणार होती, पण तिची शेपटी खाली आली. "खरंय, दादा. मीच खाल्ल्या. पोटात कावळे ओरडत होते, आणि बी कुठं पुरलीय ते माहीत होतं. आपलीच तर आहे, म्हटलं."

साळोजींचे काटे हळूहळू मिटले. "आमच्याकडंही तेच झालंय, बाई."

मग झुबकीच म्हणाली, "असं करू. तुमच्या बिया आम्ही इकडं पुरतो, आमच्या तुम्ही तिकडं पुरा."

त्या हिवाळ्यात फार उपासमार झाली. झुबकीनं एका जागी माती उकरलीसुद्धा. बी दिसली. साळोजींनी स्वतः निवडून दिलेली. तिनं माती परत लोटली आणि दिवसभर वाळकी साल चघळली.

पुढं डोंगर हिरवा झाला. नातीनं विचारलं, "आजी, हे झाड आपलं ना?"

"छे गं, साळिंदरांचं. नीट सांभाळ."

पलीकडच्या उतारावर म्हातारे साळोजी नातवाला दटावत होते, "साल कुरतडू नकोस. खारींचं झाड आहे ते."