केल्डरसीचे चाळीस ठोके

आज १४ नोव्हेंबर. सकाळपासून दाट धुके, वारा अजिबात नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या केल्डरसी या लहानशा गावात, चर्चच्या मनोऱ्यातली मोठी घंटा आज दुपारी तीन वाजता एकदाच वाजते आणि थांबते. दुसरा ठोका इतक्या उशिरा पडतो की नवखा पाहुणा हमखास विचारतो, घंटा बिघडली का? चर्चची देखभाल करणाऱ्या विनिफ्रेडबाई हसतात. मग दगडी खांबांचा बाजार, तो बांधणाऱ्या हॅक्सबी या लोकरीच्या व्यापाऱ्याचे तिमजली घर आणि त्याच्यासमोरचे, शिंपल्या वेचणाऱ्या डॉर्कसचे बुटके घर दाखवून पुढचे सांगू लागतात.

अडीचशे वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या तीरावर जायला रस्ता नव्हता म्हणे. ओहोटीला खाडीची वाळू उघडी पडे, तेवढ्या वेळात लोक ती चालून जात. डॉर्कसचा नवरा रूबेन त्यांना वाट दाखवी. धुके पडले की मनोऱ्यातल्या पाचही घंटा एकसारख्या वाजवायच्या आणि वाळूवरच्यांनी त्या आवाजाच्या रोखाने यायचे, असा रिवाज होता. घंटा हॅक्सबीनेच दिलेल्या होत्या.

अशाच एका १४ नोव्हेंबरला रूबेन आठ माणसे आणि एक घोडागाडी घेऊन पलीकडून निघाला. हॅक्सबीचा एकुलता एक मुलगा गाइल्स त्यांच्यात होता. किनारा मैलभर उरला असताना धुके उतरले. भरतीला अर्धा तास होता. पाचही घंटा घणघणू लागल्या.

डॉर्कस धक्क्यावर उभी होती. तिचा जन्म वाळूत शिंपल्या वेचण्यात गेला होता. घंटा वाजवणारे मात्र कायम मनोऱ्याच्या आत. धुक्यात, वाळूवर, त्यांची घंटा कशी ऐकू येते हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. खाडीच्या दक्षिणेला उंच कडा आहे. आवाज त्याच्यावर आपटून परत येतो. घंटा थांबल्याच नाहीत तर खरी कोणती आणि कड्याची कोणती, हे कळत नाही. आणि कड्याखाली खोल पाणी आहे.

डॉर्कस धावत मनोऱ्यात गेली. थांबा म्हणाली. एक म्हातारा म्हणाला, "आता शिंपलीवाली आम्हाला घंटा शिकवणार." पण तिचा माणूस वाळूत होता, म्हणून त्यांनी दोऱ्या सोडल्या. तिने मोठ्या घंटेची दोरी धरली. एक ठोका दिला आणि प्रभूची प्रार्थना सावकाश, अथपासून इतिपर्यंत म्हटली. मग दुसरा ठोका. पहिला आवाज मनोऱ्याचा, नंतरचा कड्याचा, एवढे रूबेनला कळले की पुरे होते.

सहाव्या ठोक्याला हॅक्सबी धापा टाकत वर आला.

"घंटा बंद का केल्या? मी काय शोभेला दिल्यात?"

"साहेब, पाच वाजल्या तर गाइल्स कड्याकडे जाईल."

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"माझाही माणूस तिथंच आहे."

हॅक्सबीने बाजूची दोरी झपकन पकडली. डॉर्कसने त्याला अडवले नाही. प्रार्थना संपवली, सातवा ठोका दिला आणि गप्प राहिली. त्या शांततेत दक्षिणेकडून तीच घंटा वाजली, अगदी स्पष्ट. स्वतःच्या घंटांचा असा जबाब हॅक्सबीने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्याच्या हातातली दोरी सुटली.

एकोणिसाव्या ठोक्याला खाली गलका झाला. सात जण आले होते. गाइल्सने वर येऊन बापाला सांगितले की गाडी रुतली आहे, गाडीवान घोडा सोडायला तयार नाही आणि रूबेन त्याच्यापाशी थांबला आहे. पाणी वाळूवर चढू लागले होते.

मुलगा हाती लागल्यावर हॅक्सबीने खाली जावे, पण तो गेला नाही. डॉर्कसचे ओठ आता भराभर हलत होते. प्रार्थना निम्मी झाली नाही तोच तिने दोरीला ओढ दिली. हॅक्सबीने तिचे मनगट धरले.

"अजून नाही, बाई. पुरी होऊ दे."

मग त्याने स्वतः मोठ्याने, सावकाश प्रार्थना म्हटली. तो म्हणत राहिला, ती ठोके देत राहिली. खिडकीखाली पाण्याचा आवाज वाढत होता. चाळिसाव्या ठोक्यानंतर दोन माणसे छातीभर पाण्यातून धक्क्याच्या पायऱ्या चढली, असे सांगतात.

आजही विसाव्या ठोक्यापासून एक पुरुष प्रार्थना मोठ्याने म्हणतो आणि ती पुरी झाल्याशिवाय दोरी ओढली जात नाही. एक्केचाळिसावा ठोका देत नाहीत. त्या दिवशी वाळूत नऊ माणसे, एक घोडा आणि एक गाडी होती. नऊ माणसे परत आली.