धाकू भोई आणि पाल्याची वाट

दाभणी नदीवर पूल नव्हता आणि खाडीत शिडाची गलबतं यायची, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या वरच्या अंगाला काळवली गाव आहे. तिथे धाकू भोई राहायचा.

धाकूइतकी नदी कुणालाच कळली नाही, असं म्हणतात. नुसता हात बुडवून तो सांगायचा, की या डोहात आज कुठला मासा आहे. दहा-दहा कोसांवरून माणसं त्याला विचारायला यायची, मासे धरायला कधी येऊ? धाकू त्यांना ओट्यावर बसवायचा आणि सगळं आखून द्यायचा. खडस हवा असेल तर मार्गशीर्षात या, थंडीत तो खोल डोहात उतरतो. वाम हवी असेल तर चैत्रात या, पाणी आटलं की ती दगडाखाली सापडते. आणि पाला हवा असेल तर श्रावणात. पाला राहतो समुद्रात, पण अंडी घालायला खाडीतून गोड्या पाण्यात चढून येतो. धाकूने सांगितलेला दिवस कधी चुकला नाही.

पण स्वतःचा एक दिवस त्याला ठरवता येत नव्हता.

त्याला एकच लेक होती, चांगुणा. आई लवकर गेली, म्हणून धाकूने तिला होडीतच वाढवली. मोठी झाल्यावर तिने खाडीच्या मुखावरच्या वेळणे बंदरातल्या एका कोळ्याशी लग्न केलं, बापाला न विचारता. ती पाया पडायला आली तेव्हा धाकू जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"माझ्या पाण्यात पुन्हा पाय घालू नकोस," एवढंच तो म्हणाला.

चांगुणा होडीत बसली आणि ओहोटीबरोबर निघून गेली. होडी वळणाआड गेली तेव्हाच धाकूला पस्तावा झाला, असं म्हणतात. पण हाक मारायला त्याचं तोंड उघडलं नाही.

मग दरवर्षी तो लेकीकडे जायचं ठरवायचा. पावसाळ्यात म्हणायचा, पाण्याला फार ओढ आहे, थंडीत जाऊ. थंडीत म्हणायचा, लोक खडसासाठी यायचेत, त्यांना कोण सांगणार? उन्हाळ्यात म्हणायचा, होडी खडकांना घासेल. अशी बारा वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले. संध्याकाळी तो काठावर बसून खालच्या अंगाला बघत राहायचा, आणि लोक समजायचे, धाकूतात्या पाणी वाचतोय.

तेराव्या श्रावणात काळवलीपुढच्या दोन खडकांमध्ये धाकूने नेहमीप्रमाणे आडवं जाळं लावलं. जाळं पाल्यांनी भरलं. त्याच दिवशी वेळण्याची भागी कोळीण सुकी मासळी विकायला गावात आली होती. जाळं बघून ती थबकली.

"म्हणजे पोचले तर," ती म्हणाली.

कोण पोचले, असं धाकूने विचारलं. तेव्हा भागीने सांगितलं, की पाल्याचा पहिला थवा खाडीत शिरला की चांगुणा नवऱ्याला जाळं उचलायला लावते. पूर्ण एक भरती. सगळं बंदर तिला हसतं. ती म्हणते, "मला माहेरी जायला बंदी आहे. यांना तरी जाऊ दे."

धाकू कमरेएवढ्या पाण्यात उतरला, सुरी काढली आणि आपल्या हातांनी विणलेलं जाळं या खडकापासून त्या खडकापर्यंत कापून टाकलं. पाले सुटले आणि वर गेले.

भाद्रपदात अंडी घालून तेच पाले समुद्राकडे परत निघाले. तेव्हा धाकूने होडी सोडली. होडीत जाळं नव्हतं, गळ नव्हता. होडीभोवती पाल्यांची इतकी दाटी झाली, की त्याला वल्हं मारावं लागलं नाही, असं म्हणतात. सगळी नदी चांदीसारखी चमकत होती आणि त्यात एक म्हातारा ताठ बसला होता.

वेळण्याच्या धक्क्यावर चांगुणा उभी होती. तिला कुणी निरोप दिला नव्हता. धाकूला उतरताना तोल सांभाळेना, तेव्हा तिने हात पुढे केला.

"बा, हळू. इथं शेवाळ आहे," ती म्हणाली.

धाकू पुन्हा वर काळवलीला आला नाही. लेकीच्या घरी किती वर्षं राहिला, कुणी तीन म्हणतं, कुणी वीस. काळवलीची माणसं मात्र कितीतरी दिवस त्याच्या ओट्याशी येऊन थांबायची, आणि दिवस न विचारता परत जायची.

अजूनही श्रावणात पाला खाडीत शिरला, की वेळण्यात एक भरती कुणी जाळं टाकत नाही. भाद्रपदात तो परत निघाला, की काळवलीतली जाळी घराच्या आढ्याला टांगलेली असतात. त्या आठवड्यात, ज्याची लेक खालच्या गावात दिली आहे, तो तिच्याकडे जातो. ज्याला कुणीच नाही, तोही नदीवर येतो, आणि मासे दिसेनासे होईपर्यंत पाण्याकडे बघत उभा राहतो.