सुभानाची वाट

"मग काय, मी खोटं बोलू?"

केरबाचा आवाज चढला होता. आक्का मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

केरबा त्यांचा शिष्य. सत्याचं व्रत त्यानं स्वतः होऊन मागून घेतलं होतं. ते एकदाही मोडलं नाही, याचा त्याला मनातून ताठा होता.

"काय झालं ते नीट सांग."

"तात्यांना भेटायला गेलो होतो."

तात्या म्हणजे त्याचा चुलता, राणबा. केरबाचा बाप सुभाना नदीवर नाव चालवायचा. एका पुरात नाव उलटली आणि तो गेला. केरबा तेव्हा पाळण्यात होता. पुढं आईही राहिली नाही. पोराचं कसं होईल म्हणून तात्यांनी लग्न केलं नाही, त्यालाच वाढवलं. आता म्हातारपणात त्यांना काही आठवत नव्हतं. काठावरच्या खोपटात एकटेच असायचे. शेजारीण भाकरी आणून द्यायची तेवढीच.

"मी दिसलो की विचारतात, 'तू कोण रं? आमचा सुभाना दिसला का वाटंत?' मी म्हणतो, तात्या, बाबा गेले. पुरात गेले."

"मग?"

"मग रडतात. आत्ताच कुणी खबर आणल्यासारखे..."

"आणि?"

"घटकाभरानं विसरतात. पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगतो. जे खरं तेच सांगतो, आक्का."

आक्कांचे हात थांबले.

"एका दिवसात त्यांचा भाऊ कितीदा मारलास, केरबा?"

केरबाला ते लागलं.

"म्हणून तर आता जाणारच नाही. त्यांना माझी ओळखही नाही. मी गेलो काय, न गेलो काय..."

आक्कांनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चल."

तात्या खोपटाच्या दारात घोंगडं टाकून बसले होते, तोंड नदीकडे. वर पूल झाल्यापासून या काठाला नाव लागत नव्हती. पलीकडे चिटपाखरू नव्हतं.

चाहूल लागली तशी त्यांनी मान वळवली.

"कोण रं? आमचा सुभाना दिसला का वाटंत?"

केरबाचे ओठ हलले. आक्कांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"नाही दिसला," आक्का म्हणाल्या.

"लईच उशीर केला आज."

"वाट बघताय?"

"मग? एकच भाऊ हाय मला."

"आम्ही बसू तुमच्यासंगं?"

तात्या सरकले. अर्धं घोंगडं मोकळं झालं.

तिघं बसले. पाणी वाहत होतं...

तात्या बघत होते तिकडे केरबाही बघू लागला. रिकामा काठ. रिकामं पाणी. म्हातारा रोज इथं असाच बसतो, कुणीही सोबतीला नसताना, हे त्याच्या आजवर मनातच आलं नव्हतं. बापाचं तोंडही त्याला आठवत नव्हतं. बापाची वाट त्यानं जन्मात कधी पाहिली नव्हती. आता पाहत होता.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "कसा आहे हो सुभाना?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"माझ्यापरीस काळा. आन् हसाया लागला की सगळी नाव हलती बघ. बाया वरडत्यात, आरं, बुडवतोस का काय!"

तात्या खुदकन हसले. केरबाही हसला. जरा वेळानं तात्यांनी तेच पुन्हा सांगितलं, अगदी तसंच. केरबानं मधे तोडलं नाही.

"मग बाया काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

ऊन कलल्यावर तात्यांनी फडक्यातली भाकरी काढली. मोडली. थोरला तुकडा केरबापुढं धरला.

"तू कोन, कुनाचा, मला ठावं न्हाई, बाबा. पर भूक लागली आसंल. खा."

केरबानं दोन्ही हात पुढं केले. तुकडा घेतला आणि तिथंच बसून खाल्ला.

निघताना तात्यांनी त्याचा हात सोडला नाही.

"येत जा. हितं कुनी येत न्हाई."

परतीची वाट लांब होती. वळणावर केरबा थांबला. मागं वळून बघितलं. खोपट दिसेनासं झालं होतं.

"आक्का, उद्यापर्यंत ते सगळं विसरतील. मी आलो होतो, बसलो होतो, भाकरी खाल्ली... त्यांच्यापाशी काहीच उरणार नाही."

आक्का चालत राहिल्या.

"मग उद्या पहिल्यांदाच जा."