तेरा बाटल्या पाऊस

"गेल्या तेरा दिवसांचा पाऊस आणून दे, नाहीतर हे पर्जन्यमापक आजच उचलून नेतो!"

विद्यापीठाच्या भूगोल विभागाचे टिळेकर सर आमच्या परसात उभे राहून ओरडत होते. हातात वही. तिच्यात माझ्या दादाने अकरा वर्षं, रोज सकाळी साडेआठला, पाऊस मोजून लिहिला होता. एक दिवस चुकला नाही. तेरा दिवसांपूर्वी दादा गेला. तेव्हापासूनच्या ओळी कोऱ्या.

"सर, सुतक होतं."

"तुम्हाला होतं, पावसाला नव्हतं! लिहिलं का नाहीस?"

"दादाच्या अक्षराखाली माझं अक्षर म्हणजे पंगतीत घुसलेली शेळी. आणि मोजायचा काचेचा पेला मी फोडला."

"फोडलास? कधी?"

"दादाला नेलं त्याच दिवशी. राग आला होता. कोणाचा, ते अजून कळलेलं नाही."

सरांचा आवाज खाली आला, हट्ट नाही. "भिवा, नोंदीत खंड पडला की ही जागा बाद. तुझ्या दादाची अकरा वर्षं फुकट! आता पडून गेलेला पाऊस काय परत येतो?"

"आणतो की! कुठे ठेवू?"

मी गोठ्यातून खोकं आणलं. आत बूच घट्ट लावलेल्या तेरा बाटल्या. मयतीला आलेल्या पाहुण्यांनी टाकलेल्या. प्रत्येकीवर भाताच्या शितांनी चिकटवलेला कॅलेंडरचा कागद, त्यावर तारीख.

"मोजता येईना आणि ओतून द्यायला जीव होईना. मग रोज साडेआठला मापकात साठलेला बाटलीत भरून ठेवला. सातवीत दोनदा नापास झालेल्या माणसाला एवढंच सुचलं."

"बोअरचं पाणी असेल हे!"

"खिशातलं ते क्षार मोजायचं पेन बुडवा ना. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे गेल्या साली तुम्हीच शाळेत येऊन सांगितलंत. आम्हाला आधीच माहीत होतं, तरी टाळ्या वाजवल्या!"

सरांच्या जीपमध्ये बसलेली विद्यार्थी पोरं खुसखुसली. सरांनी पेन बुडवलं. बोअरच्या बादलीत आकडा अठराशे, बाटलीत वीस!

"बरं, पाऊसच आहे. पण एकदम साठवलास आणि आज सकाळी तेरा जागी वाटलास! आणि ही बाटली रिकामी कशी?"

"त्या दिवशी पडलाच नाही."

"कशावरून?"

"सर, त्याच दिवशी तुम्हीच मोबाइलवर अंदाज पाठवला होता, मुसळधार पाऊस! खोटं भरायचं असतं, तर तुमचा मान राखून हीच बाटली काठोकाठ भरली नसती का?"

सर असे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. जीपमधून नवा पेला मागवून त्यांनी बारा बाटल्या मोजल्या, रिकाम्या बाटलीच्या दिवसापुढे स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं. मग दुसऱ्या गावासाठी आणलेली तापमापकाची पांढरी पेटी खाली उतरवायला लावली.

"पर्जन्यमापक इथेच राहील, आणि ही पेटीसुद्धा! उद्यापासून ऊनही तूच मोज!"