राजांच्या भट्टीला फरशी हवी

सटवाजी गवंड्याला राजाने आठ दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात भट्टीच्या खोलीला मनासारखी फरशी बसली नाही, तर फरशीच्या जागी सटवाजीनेच आडवं पडायचं आणि राजाने त्याच्या पाठीवरून चालायचं!

राजवाड्यात भट्टी कशाला, असं विचाराल. तर भुजंगराजांना राज्यकारभारापेक्षा मोहाची दारू गाळायची हौस दांडगी. फुलं स्वतःच्या हाताने भिजवायची, रांजणाला कान लावून आतलं आंबवण बुडबुडतंय का ते ऐकायचं, आणि तसंच उठून दरबारात जाऊन मुजरे घ्यायचे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पायाखाली जमीन लागतेच ना. घोडं तिथेच अडलं होतं.

आधी शेणाने सारवून पाहिलं. रांजण सांडला आणि राजे घोट्यापर्यंत रुतले, दोन हुजऱ्यांनी त्यांना मुळ्यासारखं उपटून काढलं. मग चुन्याची जमीन घोटली, तर आंबट आंबवणाने चुनाच खाऊन टाकला. गुळगुळीत काळ्या दगडावर राजे घसरले ते थेट रांजणात बसले. लाकडी फळ्या फुगल्या आणि दार उघडेना. आत अडकलेले दिवाणजी तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते लावणी म्हणत! शेवटी उतार काढला, तर रांजणच कलंडले आणि वास थेट राणीसाहेबांच्या माजघरात गेला. या वाड्यात एक तर हा वास राहील नाही तर मी, असं त्यांनी बजावलं. राजे घाबरले, आणि घाबरलेला राजा हट्टाला पेटला की कुणाचं ऐकतो?

हुकूम सुटला. फरशी अशी सपाट हवी की लिंबू ठेवलं तर गडगडू नये. घागरभर आंबवण ओतलं तरी वर डबकं साचता कामा नये. आणि तिच्यावर नाचलं तरी पाय घसरता कामा नये.

सटवाजीने घरी येऊन अंथरूणच धरलं. सपाट जमिनीवर पाणी साचणार आणि उतारावर लिंबू गडगडणार, यात गवंड्याने करावं तरी काय? तेवढ्यात वाड्यातला कारकून दोरी घेऊन त्याचं माप घ्यायला आला. साडेतीन हातांचा सटवाजी त्या खोलीला कुठून पुरणार? आणखी बावीस माणसं लागत होती, म्हणून भावकीलाही हुकूम गेला. भावकी ती भावकीच. दाराजवळ कुणी पडायचं यावरून दोन चुलते हातघाईवर आले. पोट सुटलेल्या थोरल्या काकांना मधे घालायचं नाही, राजांना चढ लागेल, असंही कुणीतरी सुचवलं.

सटवाजीची बायको कौतिका ही बुरडाची लेक. सुपं-टोपल्या विणण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. तिने सूप विणता विणता सगळं ऐकून घेतलं आणि मग नवऱ्याला विचारलं, "राजांनी फरशी वरून सपाट मागितली. खालून कशी हवी, ते काही बोलले?"

"खालून कोण बघतंय?" सटवाजी कण्हला.

"मग उठा. खालचा दगडी उतार तुम्ही काढा, वरचं माझ्याकडे लागलं."

आठव्या दिवशी सगळा दरबार भट्टीच्या खोलीपाशी जमला. राणीसाहेब नाकाला पदर लावून दारात उभ्या होत्या, आणि मागे अंगणात ती बावीस माणसं, न जाणो म्हणून, जुने कपडे घालून आली होती. सटवाजीशेजारी कौतिका उभी होती.

राजांनी लिंबू ठेवलं. ते जागचं हललं नाही. घागर उपडी केली. आंबवण क्षणात दिसेनासं झालं. राजे जोडे घालून नाचले, गिरकीसुद्धा घेतली, पण पाय म्हणून घसरला नाही. राणीसाहेबांनी नाकावरचा पदर काढून हुंगून पाहिलं आणि मान डोलावली.

आता मात्र राजांना संशय आला. ते खाली वाकले. खोलीभर बांबूच्या कामट्या ओळीने बांधल्या होत्या, गुळगुळीत पाठ खाली आणि खरखरीत पोट वर. दोन कामट्यांमध्ये बोटभर फट होती. लिंबू त्या फटीत ऐटीत बसलं होतं, आणि आंबवण फटींतून उतरून, खालच्या उतारावरून वाहत बाहेर केळीच्या आळ्यात गेलं होतं.

राजे ताठ उभे राहिले. "फसवता? ही काय फरशी झाली? ही तर चाळण! निम्म्या जागी फरशीच नाही!"

दिवाणजींनी लगेच अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. सटवाजीने डोळे मिटले.

कौतिका हात जोडून म्हणाली, "महाराज, आपला पाय पडतो तिथे फरशी आहे. दारू पडते तिथे मुद्दामच ठेवली नाही. एका जागी दोघं पडायला लागलात, म्हणून तर आजवर घसरत होतात."

मग राणीसाहेबांनाच आधी हसू फुटलं, आणि त्यांच्या पाठोपाठ राजे असे खदखदून हसले की त्यांना रांजणाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी नदीकाठचं बांबूचं बन कौतिकाला इनाम दिलं आणि सटवाजीला वाड्याचा गवंडी नेमलं. बावीसच्या बावीस माणसं ताठ चालत आपापल्या घरी गेली.