शिंपिणीचे पान

फार वर्षांपूर्वी एका परसबागेत रेवा नावाची शिंपीण पक्षीण राहत होती. एकच मोठे पान दुमडून, शिवून घरटे करावे, ही तिच्या कुळाची रीत. त्या वर्षी मात्र अळ्यांनी सारी मोठी पाने कुरतडली आणि रेवाची अंडी घालण्याची वेळ तर जवळ आली.

"मोठ्या पानावाचून घरटे? वेडी की काय तू!" लहान पानांकडे बघणाऱ्या रेवावर तिच्या आत्याबाई फणकारल्या.

रेवा लिंबोणीची चिमुकली पाने न्याहाळत राहिली. एक पान पुरणार नाही, हे खरे. पण चार पाने एकमेकांना जोडली तर? तिने चोचीने भोके पाडली आणि कापसाचे धागे ओवले.

नव्या घरट्यात अंडी सुखरूप विसावल्यावर आत्याबाई डोकावल्या. "ही शिवण कोणी गं शिकवली तुला?"

"तुम्हीच, आत्याबाई! मोठे पान हवे म्हणालात, म्हणून मी आधी चार पानांचे मोठे पान शिवले, मग घरटे."